लांबचं बघायचे गुरुवार

थंडी पडली की माझ्या पायांना चुळबूळ सुटते. आता गुडघे काही ऐकत नाहीत म्हणा, पण मन कुठं म्हातारं झालंय? यंदा दिवाळीनंतर उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि मुलाच्या रावेतच्या घरात, आठव्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहिले, तर दोन इमारतींच्या फटीतून पश्चिमेचे डोंगर दिसले. निळे, स्वच्छ, नुकते धुवून वाळत घातल्यासारखे. सून आतून म्हणाली, "आई, वारं लागेल, आत या." मी म्हटलं, "थांब गं, जरा लांबचं बघू दे." बोलून गेले आणि लक्षात आलं. ते वाक्य माझं नव्हतंच, कमलताईचं होतं.

तेव्हा मी पिंपरीत इंजेक्शनं बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणीच्या टेबलावर होते. पुणे ते लोणावळा लोकल सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल, त्या सुमाराची गोष्ट. काम असं, की समोर ट्यूबलाइटची पेटी, तिच्या मागं अर्धा काळा आणि अर्धा पांढरा पडदा. औषधाची काचेची कुपी मानेला धरायची, उलटी करायची, सुलटी करायची आणि आतल्या पाण्यात काही तरंगतंय का ते बघायचं. पांढरा धागा काळ्यावर दिसतो, काळा कण पांढऱ्यावर. दिसला की कुपी बाद. सकाळी सातपासून तीनपर्यंत हेच. जग वीतभर अंतरावर सुरू व्हायचं आणि तिथंच संपायचं. सुपरवायझरबाई अधूनमधून मुद्दाम खराब कुप्या ट्रेमध्ये मिसळायच्या, आम्ही झोपा काढतोय की काय ते बघायला. त्या कुप्यांना आम्ही चोर म्हणायचो. जेवणाच्या सुट्टीत पहिला प्रश्न तोच, "किती चोर धरलेस गं आज?"

माझ्या डाव्या हाताला कमलताई बसायची. पिंपरीतल्याच बौद्ध वस्तीत राहायची. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून तो घरी, दोन पोरं शाळेत, सगळं घर हिच्या पगारावर. उजव्या हाताला हौसा, चाकणकडच्या एका गावातल्या शेतकऱ्याची सून. तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं, पण मनात एवढंसंही कपट नाही. मी चिंचवड गावठाणातली, तिघींत वयानं लहान आणि जिभेनं तिखट. अजूनही तशीच आहे असं सून म्हणते. म्हणू दे.

त्या दसऱ्यानंतर कमलताईचे चोर सुटायला लागले. आधी एक, मग दोन. सुपरवायझरबाईंच्या भुवया वर चढल्या. कमलताई डोळे चोळायची, पाणी मारायची, पुन्हा बसायची. मी काय करायचे, बाईंची पाठ वळली की तिचा तपासलेला ट्रे माझ्याकडं ओढायचे आणि भराभर पुन्हा बघायचे. सापडायचं कधी एखादं. ती बघायची आणि पुढची कुपी उचलायची. माघात कंपनीची डोळ्यांची तपासणी असायची. तिच्यात नापास झालेली बाई टेबलावरून उठायची ती थेट बाटल्या धुण्याच्या खात्यात. तिथं मशीन येणार होतं आणि बायका एकेक करून कमी व्हायला लागल्या होत्या. म्हणजे डोळे गेले की घर गेलं, असा सरळ मामला होता.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं, "डोळे थकलेत. जवळचं बघून बघून नजर आखडली. लांब, हिरवं काहीतरी बघत जा." कमलताई मला म्हणाली, "शालू, पिंपरीत लांब कुठं असतं गं?" आम्ही दोघी गच्चीवर जाऊन बघून आलो. या बाजूला शेड, त्या बाजूला धुराडं, मधे कंपाउंडची भिंत. नजर जायची आणि आपटून परत यायची. फक्त पश्चिमेला, धुराच्या वर, डोंगरांची एक पुसट रेघ होती.

आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी. विजेच्या वाटणीमुळं तसं ठरलेलं. सगळं जग रविवारी लोळायचं, आम्ही गुरुवारी. पण बाईमाणसानं सुट्टीच्या दिवशी डोंगरावर जायचं म्हणजे काहीतरी कारण नको? हौसा म्हणाली, "द्येवाचं नाव काढायचं. द्येवाला कोन आडवं येत न्हाई." मी सासूबाईंना सांगितलं, डोंगरावरच्या देवीचा पाच गुरुवारांचा नवस आहे. त्यांनी विचारलं, "कुठली देवी?" मी म्हटलं, "ते बोलायचं नसतं." सुटले! कमलताईला मात्र ते पटलं नाही. "आमच्याकडं नवसबिवस नाही. मी सरळ सांगणार, डोळ्यांसाठी चाललेय." तिचा नवरा म्हणाला, जा, पण पडू नकोस. माझे पाच गुरुवार पुढं दहा झाले, बारा झाले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "देवी फारच कडक दिसते गं तुझी."

मोठ्या किल्ल्यांवर आम्ही कधी गेलो नाही. तिथं माणसं असतात, शाळेच्या सहली असतात, तीन बायकांकडं बघणारे असतात. आमचे डोंगर बिननावाचे. कामशेतला उतरायचं, नाणे मावळाकडं जाणारी एसटी धरायची, जिथं जंगलखात्याचा मातीचा रस्ता फुटेल तिथं उतरायचं आणि त्या रस्त्यानं चालत सुटायचं. हौसाला विचारलं, "याचं नाव काय गं?" तर म्हणायची, "डोंगर हाय की! अजून काय नाव पायजे?"

पहिला गुरुवार अजून अंगावर आहे माझ्या. सकाळची वेळ, रस्त्यावर लाल माती, दोन्ही बाजूंना ऐन आणि जांभळीची झाडं. खाली दवानं ओला पाचोळा, पाऊल पडलं तरी आवाज नाही. आम्ही तिघी आपोआप हळू बोलायला लागलो. मग बोलणंच थांबलं. हौसासुद्धा गप्प, म्हणजे बघा! रस्ता संपला तिथं झाडीही संपली आणि एकदम कमरेएवढं पिवळं गवत लागलं. वारा आला की अख्खा उतार हलायचा. साडीचा काचा मारून आम्ही चढलो. शेवटी दगडाचं एक टेपाड होतं, त्याला हात लावून वर आले आणि, आई गं!

काय होतं ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं, आताही येत नाही. डोंगरामागं डोंगर, त्याच्यामागं डोंगर. खालच्या दरीत दुपटं पसरावं तसं धुकं. पार पलीकडं लोहगड-विसापूरच्या सावल्या. माझे डोळे कुठं थांबावं ते विसरले. तीन वर्षं ज्या नजरेला वीतभर अंतरावर बांधून ठेवलं होतं ती सुटली आणि मला चक्क भोवळ आली. मी खाली बसले. वाटलं, एवढं सगळं इथं रोज होतं? मी ट्यूबलाइटच्या पेटीत डोकं घालून बसले होते तेव्हाही हे इथं असंच होतं? कुणी सांगितलं कसं नाही? मला राग आला आणि रडू आलं, दोन्ही एकदम.

कमलताई उभीच होती. पदर वाऱ्यावर फडफडतोय आणि ती डोळे मोठे करून बघतेय. हौसानं भाकरी सोडली, मी म्हटलं, "ताई, खाऊन घे." तर म्हणाली, "थांब गं, जरा लांबचं बघू दे." मग तिनं खाली रुळांवरच्या मालगाडीचे डबे मोजले. मोजले हो! मला ती गाडी म्हणजे गोगलगाईनं ओढलेली रेघ दिसत होती. मग तिनं समोरच्या डोंगराकडं बोट केलं. "ती बघ बाई, डोक्यावर भारा घेऊन उतरतेय. लाल लुगडं आहे." हौसानं हाताची छपरी केली, मी डोळे बारीक केले. आम्हा दोघींना नुसतं गवत.

दीड तासानं उतरताना, जंगलाच्या रस्त्यावर, समोरून गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी आली. लाल लुगडं! हौसानं तोंडावर हात मारला. म्हातारीनं भारा झाडाला टेकवला आणि आम्हाला न्याहाळलं. "तुमीच व्हय त्या? वर टेपाडाव तीन ठिपकं बसल्यालं? मला वाटलं वानरं हायेत." आम्ही हसून हसून बेजार. तिनं विचारलं, "द्येवाला आला व्हता?" कमलताई म्हणाली, "नाही मावशी, नुसतं बघायला." म्हातारीनं डोक्यावरची चुंबळ सारखी केली. मग म्हणाली, "मीबी बगती. समदी म्हंत्यात गवत कापाया जाती. पर वर गेलं की आदी घटकाभर बसून बगती." आणि भारा उचलून निघून गेली.

झालं, त्या दिवशी ठरलं की कमलताईचे डोळे ठणठणीत आहेत, नुसते थकलेत. दर गुरुवारी आम्ही तिची परीक्षा घ्यायचो. ते झाड कुठलं? त्या वाडीत घरं किती? ती फटाफट सांगायची आणि दर गुरुवारी जास्त लांबचं सांगायची. परतीच्या लोकलमध्ये आम्ही हरखून गेलेल्या असायचो. शुक्रवारी टेबलावर बसली की पुन्हा चोर सुटायचे. हौसा म्हणायची, "मुरंल हळूहळू. औशद हाय ते."

मला मात्र रात्री झोप लागेना. मी तिचे ट्रे पुन्हा बघायचे ते खरं, पण सगळे थोडेच? माझी शिफ्ट बदलली की तिच्या शेजारी कोण? ते इंजेक्शन कुणाच्या तरी शिरेत जाणार. हे मी तिला बोलले नाही. कुणालाच बोलले नाही. माझ्या पोराला तापात सुई टोचली तेव्हा मी डॉक्टरांच्या हातातली कुपी मागून घेतली आणि उजेडात धरून बघितली. त्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलंय.

आता कमलताई नाही. तिच्या मुलीकडं नाशिकला होती, तिकडंच गेली. मागच्या वर्षी मुलानं आपणहून गाडीतून मावळात नेलं मला. जंगलाचा रस्ता डांबरी झालाय, कमानी लागल्यात, खोल्या भाड्यानं मिळतात. पण गाडी थांबवून दहा पावलं आत गेले तर पाचोळा तोच, आवाज नसलेला. मुलगा म्हणाला, "आई, इथं बघण्यासारखं काय आहे?"

तर त्या हिवाळ्यात, पौष संपत आला तेव्हा हौसा आम्हाला तिच्या बाजूच्या डोंगरावर घेऊन गेली, चाकणच्या पश्चिमेला, भामचंद्रावर. खाली शेतांत ज्वारी उभी, ऊन कोवळं. कड्यातल्या गुहेपाशी कमलताई पायातलं काढून आत गेली, अंधारात हात जोडून थोडा वेळ बसली आणि बाहेर आली. काय मागितलं ते आम्ही विचारलं नाही. माथ्याच्या जरा खाली माझ्या चपलेतून काटा आरपार गेला. मी बोंब ठोकली. कमलताई म्हणाली, "आण इकडं पाय," आणि मांडीवर घेतला. घेतला आणि लांब ढकलला. अजून लांब ढकलला. मान मागं नेली. माझा पाय हवेत, तिचे हात ताठ, आणि ती डोळे बारीक करून काटा शोधतेय. हौसा खदखदून हसली, "आगं, पाय वाळत घालतीस का काय?"

मी हसले नाही. माझे वडील चाळिशी लागल्यावर पेपर अगदी अस्साच धरायचे. लख्खकन डोक्यात उजेड पडला. अख्खा हिवाळा आम्ही तिला लांबचं दाखवत फिरलो होतो, लांबचं दिसतंय म्हणून नाचलो होतो, आणि दुखणं होतं जवळचं! दिवसभर वीतभर अंतरावर बघणाऱ्या आम्ही बायका, डोळ्यांची परीक्षा लांबच्या डोंगरावर घेत होतो. इतक्या शहाण्या आम्ही!

"ताई," मी म्हटलं, "तुझे डोळे थकलेले नाहीत. तुला चाळिशी लागलीय. चष्मा लागेल."

तिनं माझा पाय खाली टाकला. "गप बस. कागदावर मी चौतीसची आहे. आणि चष्मा लावलेली बाई आपल्या टेबलावर बघितलीस कधी?" बघितली नव्हती. एकसुद्धा नाही. "मग? चष्मा लावला की डोळे गेले, असंच म्हणणार ते. गेले तीन महिने डोंगर चढले ते काय यासाठी?" काटा हौसानं काढला. उतरताना कमलताई पुढं, आम्ही दोघी मागं.

तपासणीच्या दिवशी आम्ही दवाखान्याबाहेर रांगेत. कमलताई माझ्या पुढं, दार उघडं, सगळं दिसत होतं. डॉक्टरांनी तिला भिंतीपासून लांब उभं केलं आणि अक्षरांचा तक्ता दाखवला. तिनं पहिली ओळ वाचली, शेवटची वाचली, आणि अक्षरं संपल्यावर खाली बारीक छापलेलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "वा! नजर आहे की दुर्बीण?" आणि कागदावर सही केली. संपलं. पास! तपासणी एवढीच होती. कुणी जवळचं काही दाखवलंच नाही. माझा जीव भांड्यात पडला.

ती कागद घेऊन दारापर्यंत आली. मी तिचा हात धरला, म्हटलं, चल लवकर. ती माझ्याकडं बघत राहिली. मग हात सोडवून परत फिरली.

"साहेब, तुम्ही मला पास केलंत ते लांबचं. मी काम करते जवळचं. मला कुपीतला कण दिसत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

"दसऱ्यापासून. माझे ट्रे दुसरी बघते म्हणून चाललंय. पण कुणाच्या तरी लेकराच्या दंडात जातं ते. माझं घर चालतं यावर, तरी सांगते. राहवत नाही."

मला वाटलं, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. दुसरी म्हणजे मीच ना! तिला आवरावं की तिचे पाय धरावेत ते मला कळेना. मी जे चार महिने गिळून बसले होते ते या बाईनं, पासाचा कागद हातात असताना, सांगून टाकलं होतं. डोंगरमाथ्यावरसुद्धा मी कधी इतकी थक्क झाले नव्हते.

डॉक्टरांनी तिच्या हातात औषधाचं माहितीपत्रक दिलं. तिनं ते हातभर लांब धरलं. "वय?" "चौतीस." "खरंच?" "कागदावर." ते लिहिता लिहिता म्हणाले, "कागदावर चौतीस असलेल्यांनाही लागते कधीकधी चाळिशी." चेहरा अगदी गंभीर. कमलताईनं विचारलं, "पण टेबलावर चष्मा चालत नाही ना, साहेब?" ते म्हणाले, "कुणी सांगितलं?" सुपरवायझरबाईंना बोलावलं, त्यांनाही विचारलं, कुठं लिहिलंय? कुठंच लिहिलेलं नव्हतं. आम्हीच बायका एकमेकींना सांगत आलो होतो.

तरी चष्मा येईपर्यंत तीन आठवडे तिला धुण्याच्या खात्यात घातलंच. सोड्याच्या पाण्यानं हात सोलवटून निघाले. मग चष्मा आला, जाड काळ्या काडीचा. तिची वेगळी परीक्षा ठेवली, एका ट्रेमध्ये तीन चोर घालून. आम्ही सगळ्या श्वास रोखून. तिनं तीन काढले. मग चौथी कुपी काढून ठेवली. बाई म्हणाल्या, "तीनच घातले होते मी." चौथीत खरोखरच काचेचा बारका कण होता. तो ट्रे आदल्या दिवशीचा, माझा, मी पास केलेला. कमलताईनं ती कुपी बाईंच्या हातात दिली आणि माझं नाव घेतलं नाही. मीही गप्प राहिले. आज लिहून टाकते. त्या महिन्यात आमच्या टेबलावर आणखी पाच चष्मे आले, आणि त्यातल्या दोघी तर माझ्याहून थोड्याच मोठ्या होत्या.

फाल्गुनात, ऊन तापायच्या आत, आम्ही त्या हंगामातला शेवटचा डोंगर चढलो. खाली पळस पेटलेला, आभाळ इतकं मोकळं, की हौसा म्हणाली, "आज समिंदरबी दिसंल." मी वर पोचले आणि वळून बघितलं, तर कमलताई दरीकडं पाठ करून खडकावर बसलेली, डोळ्यांवर चष्मा. "ताई, अगं इकडं बघ की!" ती हलली नाही. खडकावरचं शेवाळ बघत होती, वाळलेलं, नाण्याएवढं, कडेला झालर असलेलं. मग त्यावरून जाणारी मुंगी बघितली. मग हाताचा तळवा डोळ्यांसमोर धरला आणि सोड्यानं चिरलेल्या रेषांवरून बोट फिरवत राहिली. चार महिने डोंगरांकडं बघताना तिचा चेहरा जसा व्हायचा तसाच आताही झाला होता. मी शेजारी जाऊन बसले. तिनं मान वळवली, चष्मा सावरला आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणून बघायला लागली. मला लाजच वाटली.

"शालू," ती म्हणाली, "तुझ्या नाकपुडीजवळ बारीक तीळ आहे. तीन वर्षं शेजारी बसतेस, सांगितलं नाहीस कधी?"